शिजवलेला चीक

आमच्या गावात अजून सांगतात, सुरेखानं गायीचं कॅल्शियम बंद केलं म्हणून गाय मेली. सांगू द्या. सांगणाऱ्या निम्म्या बायांनी त्या दिवशी आमच्या घरचा खरवस वाटी चाटून खाल्ला होता, हे मात्र कुणी सांगत नाय.

कवडी माझी होती. त्या घरात दुसरं माझं म्हणावं असं काय आहे ते मला अजून सापडलं नाय, पण कवडी माझी. लग्नात बापानं आंदण म्हणून गावरान कालवड दिली होती. तिची लेक, अन् त्या लेकीची लेक ही कवडी. मधी एचएफची, म्हणजे विलायती वळूची, भरवणी झाली, म्हणून अंगावर पांढरे-काळे ठिपके आले, दुधाला पण जोर आला. बाप गेला, मागोमाग माय गेली, भावानं घर विकलं अन् माहेराला कुलूप लागलं. सकाळी गोठ्यात गेले अन् कवडीनं मान वळवून बघितलं, की वाटायचं, चला, आपल्याकडचं कुणीतरी इथं आहे.

एकच घोर होता. दोन्ही वेताला तिला गोऱ्हा झाला. कालवड नाय झाली तर बापाचं आंदण तिच्यावरच संपणार. म्हणून तिसऱ्या वेतावर माझा सगळा जीव टांगलेला.

त्यातून मागच्या बारीला ती मरता मरता वाचली होती. व्याली, चांगली उभी राहिली, अन् दुसऱ्या दिवशी थरथरून खालीच बसली. मान पोटाकडं वळवलेली, कान गार, नाक कोरडं. डॉक्टर धम्मपाल आले, त्यांनी मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू सोडली, अन् बाटली संपते न संपते तर बया उठून वैरण खायला लागली. मी तर बघतच राहिले.

"दुग्धज्वर म्हणतात याला," डॉक्टर म्हणाले. "नाव ज्वर, पण ताप नसतो. चिकात कॅल्शियम लई जातं. व्याल्यावर एकदम एवढं अंगातून निघालं की रक्तातलं कमी पडतं, मग गाय बसते. एकदा बसलेली पुन्हा बसू शकते, ध्यानात ठेवा."

"मग पुढच्या बारीला आधीपासूनच कॅल्शियमच्या शिश्या पाजते की," मी म्हणलं.

"तेच तर नाही करायचं!" डॉक्टर हसले. "वहिनी, शेजारणीकडून रोज आयतं ताक आलं तर तुम्ही घुसळायला बसाल का? तसंच आहे. व्यायच्या आधी दूध आटवल्यावर तिला बाहेरून कॅल्शियम देत राहिलं, की हाडातलं काढून घ्यायची अंगाची सवय मोडते. मग ऐन गरजेला ते काढताच येत नाही."

सगळं नीट समजावून सांगितलं त्यांनी. व्यायच्या आधीचे शेवटचे आठवडे शिशी बंद, लसूणघासाचा चारा पण बंद, त्यात कॅल्शियम असतं. त्याऐवजी एक क्षाराची पुडी पेंडीत कालवून द्यायची. पुडी लागू पडते का नाय, ते मुतात कागद बुडवून बघायचं. व्याली की लगेच कॅल्शियमचं जेल, ट्यूबमधून तोंडात, गाय उभी असतानाच. अन् पहिले दोन दिवस कास पार रिकामी करायची नाय, वासरापुरता अन् थोडा वर एवढाच चीक काढायचा. मी चौथी शिकलेले, पण गायीचं मला एकदा सांगितलं की झालं.

तर यंदा मी डोळ्यात तेल घालून सगळं केलं. कवडीला पुडीचा वास आवडायचा नाय, नाक मुरडायची, तर गुळाचं पाणी शिंपडून चारली. मग्गा घेऊन तिच्या मागं उभी राहायची, तर गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "सुरेखा, काय निघालं गं रिपोर्टात?" म्हणायच्या. मी म्हणायची, तुझ्या नवऱ्याचा पण आण, बघते.

सासू मात्र हसत नव्हती. गोजरबाई माझ्या सासूचं नाव. कवडीवर तिचा जीव होता, हे खोटं बोलणार नाय मी. आपल्या ताटातली अर्धी भाकर ती कवडीला चारायची. म्हणूनच तिला माझं पटत नव्हतं.

"पोटुशी बाईला दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या देत्यात का नाय?" ती म्हणायची. "अन् ही बया मुक्या जनावराची शिशी बंद करती. कसलं काळीज म्हणावं हिचं!"

"आत्याबाई, बाईचं वेगळं, गायीचं वेगळं."

"व्हय, तूच एक शहाणी. आम्ही काय उभ्या जन्मात गायी पाळल्या नाय?"

दोनदा मी तिला चोरून शिशी पाजायला निघालेली धरली. मग मी ती मोठी शिशी उचलून कोठीमागं लपवून ठेवली. फेकून द्यायला हात झाला नाय, औषध ते औषध.

आता नवऱ्याचं सांगते. बद्रीनाथ. घेते मी नाव, काय होतंय. वाळूजला कंपनीत ठेकेदाराकडून कामाला, अन् परमनंट व्हायचं एकच खूळ डोक्यात. तिथल्या साहेबाला ह्यानं शब्द देऊन ठेवला होता, आमची गाय व्याली की खरवस खायला घरी यायचं. साहेब बिचारा "येऊ की" म्हणला असेल, जसं माणूस म्हणतो. ह्यानं ते वेदवाक्य धरलं.

"अहो, पहिला चीक काढता येणार नाय एवढा," मी आधीच सांगितलं. "चार दिवसांनी बोलवा. तवर दुधाची खीर करते हवी तर."

"खिरीला कोण येतंय वाळूजहून? पहिल्या चिकाचा खरवस तो खरवस. अन् भावकीत पण द्यावा लागतो, माहीत नाय का तुला? चार घरी डबा गेला नाय तर तोंड दाखवायला जागा राहायची नाय."

हे आमच्याकडचं असंच आहे. गाय व्याली की पहिला चीक भावकीचा. आपल्या गायीला काय झालं, वासरू प्यालं का, हे विचारायला कुणी येत नाय. डबा मात्र आला नाय तर वर्षभर ऐकवतात.

रविवारी सकाळी कवडी उठबस करायला लागली. पाण्याची पिशवी दिसल्याबरोबर मी डॉक्टरला फोन केला अन् ह्यानं साहेबाला.

सुटली बाई अगदी सहज. मी वासराचं नाक पुसलं, मागचा पाय उचलून बघितलं, अन् तिथंच शेणात बसकण मारली. कालवड होती! कपाळावर पांढरा टिळा. कवडी तिला चाटत होती अन् मी रडत होते. बाप असता तर त्याला फोन केला असता, नुसतं एवढंच सांगायला, की दादा, कालवड झाली.

मग डोळे पुसले अन् ह्याला म्हणलं, "द्या त्या ट्यूबा." गारखेड्यात जनावरांच्या औषधाचं दुकान आहे, तिथून दोन ट्यूबा आणायला आठवडाभर घोकून सांगितलं होतं. आदल्या दिवशी हा गारखेड्याला जाऊनही आला होता. ह्यानं पिशवी ओतली. विलायची, केशराची डबी, काजू, कागदी वाट्या.

"अन् ट्यूबा?"

"राहिल्या बघ," म्हणाला. "उद्या आणतो."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. विलायची ध्यानात राहिली, केशर ध्यानात राहिलं, साहेबाला वाट्या कशा असाव्यात ते ध्यानात राहिलं. भांडायला वेळ नव्हता. चितेगावला एक दुकान होतं, तिथं असतील म्हणून मी तशीच निघाले. निघताना आत्याबाईला हात जोडून सांगितलं, "कालवड उभी राहिली की तिला पाजा. बाकी सडाला हात लावायचा नाय. मी आल्यावर लागंल तेवढा काढीन."

"व्हय गं बाई, व्हय. जा तू," ती म्हणाली.

रविवार असल्यानं दुकान बंद. मालकाच्या घरी जाऊन दार वाजवलं, त्याला उठवून आणलं, ट्यूबा घेतल्या. रिक्षा भरल्याशिवाय निघंना. गावात शिरले तर गल्लीच्या तोंडालाच विलायचीचा वास आला. तिथंच समजले मी.

गोठ्यात कवडीची कास धुतलेल्या पिशवीसारखी लोंबत होती. चारी सड मोकळे. मागचे पाय थरथरत होते, एका पायावरून दुसऱ्यावर भार देत होती. कान धरून बघितला, गार. कालवड कोपऱ्यात बांधलेली, तोंड कोरडं.

"कुणी पिळली?" मी ओरडले.

आत्याबाई चुलीपाशी होती, खुशीत. "अगं, घागर भरंल एवढा निघाला! अन् दाट तर असला, की दूध घालून घालून शिजवावा लागला. बद्रीनं अन् मी मिळून काढला. कासंत ठेवला असता तर कास दगड झाली असती की. भावकीत डबे पण गेले बघ."

"कालवडीला पाजला?"

"ती उभीच राहीना गं. म्हणलं, साहेब यायचे आहेत, आधी हे उरकावं."

मी ट्यूब घेतली अन् कवडीच्या गालात रिकामी करायला लागले. अर्धी गेली, अन् तिचे मागचे पाय खचले. मग पुढचे. बसली. मान वळून पोटाशी गेली, तीच मागच्यासारखी.

डॉक्टर बिडकीनच्या पुढं कुठंतरी अडकले होते. फोनवर म्हणाले, "निघालो. कॅल्शियमच कमी पडलंय, शिरेतून देऊ, उठेल ती. तोवर तिला आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी पोती लावून बसती ठेवा. अन् एक ऐका, आता तोंडातून काही म्हणजे काही घालायचं नाही. तिला गिळता येत नाही, सगळं फुफ्फुसात जाईल." फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं. निदान कान तरी सगळ्यांचे तिथंच होते.

भुश्याची पोती ओढून लावली, कवडीची मान मांडीवर घेतली. अन् तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न.

बद्रीनाथ माझ्याजवळ उकिडवा बसला. "सुरेखा, फक्त वाढून दे. आईचा हात कापतो, तिला जमत नाय. पाच मिनिटं. डॉक्टर येतोच आहे. माझ्या परमनंटचा सवाल आहे, पाया पडतो तुझ्या." अन् खरंच माझ्या पायाला हात लावला त्यानं, गोठ्यात, साहेबाच्या गाडीचं दार उघडायच्या आधी.

मी आत्याबाईला तिथं बसवलं. तिच्या तोंडासमोर बोट धरून सांगितलं, "तोंडात काय घालायचं नाय. पाणी पण नाय. ऐकलं का?" तिनं मान हलवली.

साहेब माणूस वाईट नव्हता. आत येता येता म्हणाला, "गाय बसली आहे वाटतं, बरी आहे ना?"

"व्याली ना साहेब, दमली," आमचे हे हसून म्हणाले.

मी ताट वाढलं. खरवसाची वाटी पुढं ठेवली, वर केशराच्या काड्या. साहेबानं वाटीकडं बघितलं अन् हळूच बाजूला सरकवली. "काय सुंदर झालाय हो वहिनी. पण मला शुगर आहे. गोड बंद केलंय पार. बद्रीनाथ इतका मागं लागला म्हणून आलो. दोन घास भाजी-भाकरी मात्र खातो."

कर्म माझं! मी त्या वाटीकडं बघत राहिले. कवडीच्या अंगातनं जे निघालं होतं ते तिथं चौकोनी वड्या होऊन पडलं होतं, अन् ज्याच्यासाठी काढलं त्याला ते चालत नव्हतं.

तेवढ्यात गोठ्यातून घरघर ऐकू आली. खोकल्यासारखी, पण ओली. मी वाढायचा डाव टाकून पळाले.

आत्याबाईनं कवडीचं तोंड वर करून धरलं होतं अन् दुसऱ्या हातात शिशी. तीच, कोठीमागची. पार रिकामी. कवडीच्या नाकातून पांढरं पाणी येत होतं.

"काय केलं तुम्ही!"

"डॉक्टरच म्हणला ना, कॅल्शियम कमी पडलं? मी आपल्या कानानं ऐकलं," ती म्हणाली. "मी कव्हाची सांगत होते. शिशी शोधून काढली अन् पाजली. आता उठंल बघ."

मी कवडीचं डोकं खाली केलं, नाक पुसलं, छाती चोळली. तिचे डोळे माझ्याकडंच होते. श्वास घेताना आतून बुडबुडे वाजत होते. डॉक्टर दारात गाडी उभी करून पेटी घेऊन धावत आले, शीर शोधली, सुई लावली. थोडं आत गेलं असेल. मग त्यांनीच सुई काढली अन् माझ्याकडं न बघता नळी गुंडाळायला लागले.

आत्याबाईनं टाहो फोडला. "जीव लावून पाजलं गं मी तिला! जीव लावून!" खरं होतं ते. जीव लावूनच पाजलं. दुसऱ्या कुणी मारली असती तर मी त्याच्या नरडीला धरलं असतं. हिला काय करायचं?

बाया जमल्या. अन् टाहो सरायच्या आतच आत्याबाई त्यांना सांगायला लागली. "कॅल्शियम कमी पडलं. डॉक्टर स्वतः म्हणला. हिनं महिनाभर बंद केलं होतं. शिशी पण लपवून ठेवलेली, कोठीमागं सापडली मला." त्यात एक शब्द खोटा नव्हता. तेच तर जहर होतं. डॉक्टर उभे राहून समजावत होते, की बंद करायला मीच सांगितलं, ते बरोबरच होतं, कास पिळायला नको होती, पाजायला नको होतं. बाया माना डोलवत होत्या अन् माझ्याकडं बघत होत्या. एकीच्या ओठाला अजून खरवस चिकटलेला. मागं साहेबाची गाडी गुपचूप निघून गेली.

डॉक्टरनं कालवडीच्या तोंडात बोट घातलं. "हिनं चीक प्यायलाय का?"

"नाय."

"एक थेंब पण नाही? वहिनी, पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर ही टिकायची नाही. घरात थोडा तरी ठेवलाय का?"

"ठेवलाय की," मी म्हणलं. "दोन डबे भरून. शिजवलेला."

त्यांना आधी समजलंच नाय. मग समजलं, अन् ते खाली बघायला लागले.

भावकीत कुणाची गाय ताजी व्यालेली नव्हती. मला रूपा आठवली. वस्तीच्या पलीकडं राहती, तिच्या घरचं पाणी आत्याबाईला चालत नाय, पण डेअरीवर दूध घालायला आम्ही बरोबर जातो. तिची म्हैस आदल्या सांजेला व्याली होती. मी कालवडीला पोत्यात गुंडाळून उचललं. आत्याबाई रडता रडता थांबली. "तिच्या दारात नेतीस आपलं जनावर?"

मी डॉक्टरच्या गाडीवर मागं बसले, कालवड मांडीवर.

रूपानं एक सवाल विचारला नाय. बादली घेऊन म्हशीखाली बसली. "मी सगळा काढलाच नाय अजून," म्हणाली. "माझी पण भावकी आली होती डबे घेऊन. म्हणलं, आधी रेडकू, मग तुम्ही. गेली शिव्या घालत." म्हशीचा चालतो का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, काहीच नसण्यापेक्षा लाख पटीनं चालतो. बाटलीला बोंडलं लावून मी कालवडीच्या तोंडात दिलं. पहिले दोन घोट बाहेर आले. मग जीभ हलली, मग तिनं असं ओढायला सुरुवात केली की बाटली हातातून निसटायला लागली. रूपा म्हणाली, "हिच्या आजीसारखी हावरट आहे बघ." त्यावर मी हसले. अन् हसता हसता जे रडू आलं ते थांबेचना.

कवडीला पुरायला खड्डा काढायचं मशीन आलं, ते सगळं बद्रीनाथनं बघितलं. मी गेले नाय. दिवस कलल्यावर तो रूपाच्या अंगणात आला. कालवड म्हशीशेजारी झोपली होती.

"चल," म्हणाला. "कालवड घे. आई म्हणती, पोरीसारखी वाढवू. झालं ते झालं. लोकांना काय, चार दिवस बोलतील."

"कालवड इथंच राहील," मी म्हणलं. "रूपाला दिली."

"दिली म्हणजे? येडी झालीस का? तुझ्या बापाचं आंदण ते!"

"माझ्या बापाचं, म्हणूनच. मोठी होईल, गाभण राहील, एक दिवस व्याईल. तेव्हा मी चितेगावला गेलेली नसेन कशावरून? तुम्हाला दुसरा कुणी साहेब बोलवायचा असेल."

रूपा आत निघून गेली. मग तो हळूच म्हणाला, "मग तू तरी येतीस का?"

मी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या कपाळावरचा टिळा सुकून पांढरा फटक झाला होता. बापानं दिलेलं जेवढं सोडवता आलं तेवढं मी सोडवलं.

"येते की," मी म्हणलं. "मला कोण ठेवून घेतंय?"

अन् त्याच्या मागं गाडीवर बसले.